हरपलेलं भान परत कुठे मिळतं?

मराठीत एखाद्या मैफिलीचं सगळ्यांत मोठं कौतुक तीन शब्दांत होतं: भान हरपून गेलं. गाणारे भीमसेन असोत किंवा जत्रेतला ढोलकीवाला, त्याने आपलं भान काढून घ्यावं अशी आपली मागणी असते. त्याने ते घेतलं की आपण समाधानाने घरी जातो. गंमत अशी, की हाच शब्द आपण अगदी उलट कामालाही वापरतो. सामाजिक भान, काळाचं भान, परिस्थितीचं भान. तिथे भान असणं हा गुण आणि नसणं हा दोष. जी गोष्ट नसली तर माणूस बेजबाबदार ठरतो, तीच हरवण्यासाठी आपण तिकीट काढतो.

एरवी हे दोन अर्थ एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. पण अवाढव्य पडदे लावून होणाऱ्या रॉक कॉन्सर्टहून परत आलेली माणसं बोलायला लागली, की ते समोरासमोर येतात. कुणी म्हणतं, आयुष्यातली सर्वांत मोठी रात्र. कुणी म्हणतं, एवढे पैसे मोजून टीव्हीच पाहिला. तिसरा म्हणतो, मी रडलो, पण कशामुळे रडलो ते सांगता येत नाही. मला या तिसऱ्या माणसाबद्दल बोलायचं आहे. भल्यामोठ्या पडद्यासमोर दाटून आलेलं मन खरं मानायचं का? आणि खरं मानलं, तर त्याचं पुढे काय करायचं?

आधी प्रसंग समजून घेऊ. १५ डिसेंबर २०१९ रोजी आयर्लंडचा यू-टू हा बँड पहिल्यांदा भारतात वाजवायला आला, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये. ‘द जोशुआ ट्री’ या १९८७ सालच्या अल्बमभोवती बांधलेल्या दौऱ्याचा तो शेवटचा कार्यक्रम होता. मागे सुमारे ६० मीटर रुंद आणि १४ मीटर उंच पडदा होता. त्यावर आंतोन कॉर्बाइन या डच छायाचित्रकाराने चित्रित केलेलं वाळवंट, रिकामे रस्ते, डोंगर. पण या दौऱ्यात सुरुवातीची काही गाणी बँड त्या पडद्याची मदत न घेता म्हणत असे. चौघं जण गर्दीत घुसलेल्या एका छोट्या मंचावर यायचे आणि नुसते वाजवायचे. लांब बसलेल्यांना तेव्हा ते जेमतेम दिसत. मग मुख्य मंचावर जाऊन अल्बम सुरू झाला, की पडदा पेटायचा आणि माणसं एकदम मुंगीएवढी वाटू लागायची. आधी माणूस, मग दृश्य, असा तो क्रम होता.

पाच वर्षांनी, २०२५च्या जानेवारीत १८, १९ आणि २१ तारखेला, त्याच स्टेडियममध्ये कोल्डप्ले आला. त्याची तिकिटं २२ सप्टेंबर २०२४ला खुली झाली तेव्हा अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत दर होते आणि काही मिनिटांत सगळा बाजार उठला. या कार्यक्रमात पडदा फक्त मंचामागे नव्हता. येणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा बांधला जात होता. इन्फ्रारेड संदेश मिळाला की तो पेटायचा. गाण्याच्या ठेक्यावर अख्खं स्टेडियम पिवळं, मग लाल, मग निळं. म्हणजे प्रेक्षक हाच पडदा झाला होता.

माझी आत्येबहीण पुण्याला नोकरी करते, ती त्यातल्या एका रात्री गेली होती. मूळची आमच्या सावद्याचीच. जागा वरच्या स्टँडमध्ये, तिथून गायक अंगठ्याच्या नखाएवढा दिसत होता. मी विचारलं, कसं झालं. ती म्हणाली, “दादा, स्टेजवर कोण काय करत होतं ते मी नीट पाहिलंच नाही. पण हातातला पट्टा पेटला आणि समोरचं पूर्ण स्टेडियम पेटलेलं दिसलं, तेव्हा मला रडूच आलं.” मी जरा खवचटपणे म्हटलं, की पट्टा तर त्यांच्या कंट्रोल रूममधून पेटत होता. ती म्हणाली, “पट्टा त्यांनी पेटवला, पण हात मी वर केला ना?”

तिच्या उत्तरात बरंच काही आहे, पण टीकाकारालाही पुरतं ऐकून घेतलं पाहिजे. त्याचं म्हणणं साधं आहे: बँड प्रत्यक्ष दिसत नसेल आणि सगळं पडद्यावरच पाहायचं असेल, तर घरी बसून का पाहू नये? हा प्रश्न आम्हा सावदेकरांना काल्पनिक नव्हता. कोल्डप्लेचा २६ जानेवारीचा अहमदाबादचा कार्यक्रम डिस्ने प्लस हॉटस्टारवर थेट दाखवला गेला. प्रजासत्ताक दिन, रविवार, खानदेशातली थंडी. आम्ही चार मित्र एका गच्चीवरच्या खोलीत टीव्ही लावून बसलो. चित्र उत्तम होतं. आत्येबहिणीला नखाएवढा दिसलेला गायक आम्हाला घामाच्या थेंबांसकट दिसत होता. जसप्रीत बुमराह स्टँडमध्ये बसलेला दाखवला तेव्हा आम्हीही ओरडलो.

पण मधूनच एकाच्या शेतावरची लाईट आली आणि तो केळीच्या बागेची मोटर चालू करायला निघून गेला. दुसऱ्याने क्रिकेटचा स्कोअर पाहायला फोन काढला. मी चहा टाकायला उठलो. नंतर कंपनीने जाहीर केलेले आकडे वाचले: ८३ लाख व्ह्यूज आणि साडेसोळा कोटी मिनिटं. भागाकार केला तर एका व्ह्यूला साधारण २० मिनिटं येतात. कार्यक्रम दोन तासांचा, आपण वीस मिनिटांचे.

घरी काय कमी पडलं, ते या भागाकारात दिसतं. चित्र कमी पडलं नाही. कमी पडलं ते अडकून पडणं. स्टेडियममध्ये तुम्हाला उठून जाणं महाग असतं. तुम्ही रात्रीची गाडी पकडलेली असते, रजा टाकलेली असते, रांगेत तास काढलेले असतात. शेजारी अनोळखी माणसाचा कोपर लागत असतो. तुम्ही स्वतःला तिथे सोपवलेलं असतं. भान हरपायचं तर आधी ते कुणाच्या तरी हवाली करावं लागतं, आणि गच्चीवरच्या खोलीत आम्ही ते आमच्याच खिशात ठेवलं होतं.

हे कळायला आपल्याला रॉक संगीताची गरज नाही. आमच्या भागातून मुक्ताईची पालखी दर वर्षी पंढरपूरला जाते, महिनाभर चालत. आषाढीला तिथे गर्दी एवढी असते की प्रत्येकाला विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवायला मिळत नाही. मग कुणी मुखदर्शनाच्या रांगेत लागतो, लांबून चेहरा पाहतो. कुणी नामदेव पायरीला हात लावतो. आणि पुष्कळ जण नुसता कळस पाहून, हात जोडून, परतीच्या गाडीला लागतात. त्यांना तुम्ही म्हणून पाहा, की तुम्हाला देव दिसलाच नाही, तुम्ही फक्त इमारतीचा शेंडा पाहिला. ते तुमच्याकडे कीव केल्यासारखे पाहतील. कळसाचं दर्शन हे दर्शनच असतं, कारण तिथपर्यंत पाय चाललेले असतात. वरच्या स्टँडमध्ये बसून पडदा पाहणारी माझी बहीण ही कळसदर्शन घेणारी होती. तिला ‘तू टीव्ही पाहून आलीस’ म्हणणं हे वारकऱ्याला ‘तू शेंडा पाहून आलास’ म्हणण्याइतकंच उथळ आहे.

अर्थात यातून एक घातक निष्कर्ष निघू शकतो, तो आधीच अडवतो. ज्याने जास्त मोजलं त्याचा अनुभव जास्त खरा, असं मी म्हणत नाही. पस्तीस हजारवाल्याचं भान अडीच हजारवाल्यापेक्षा चौदा पट हरपत नाही. पायी चालणं आणि पैसे मोजणं यांत फरक आहे. पैसे मोजून झाले की तुम्ही गिऱ्हाईक असता आणि गिऱ्हाईक ‘वसूल झालं का’ हे तपासत बसतो. चालणारा तपासत नाही. काही लोक स्टेडियममध्येही गिऱ्हाईक म्हणूनच उभे असतात, आणि एखादा गच्चीवरही वारकरी असू शकतो. आमच्यातला चौथा मित्र तसा होता. त्याने दोन तास पाणीसुद्धा मागितलं नाही.

आता मूळ प्रश्नाची अवघड बाजू. डोळ्यात पाणी आलं, मान्य. पण ते पाणी आणणारी यंत्रणा जर एवढी ताकदवान असेल, की समोर काहीही ठेवलं तरी पाणी येईलच, तर त्या पाण्याला काय किंमत?

हा प्रश्न लास वेगासच्या ‘स्फिअर’मुळे टोकाला गेला. २९ सप्टेंबर २०२३ला यू-टूनेच त्याचं उद्घाटन केलं आणि २ मार्च २०२४पर्यंत तिथे ४० कार्यक्रम केले. ही एक गोल घुमटाची इमारत आहे. आतला पडदा १,६०,००० चौरस फुटांचा. तो समोर तर असतोच, शिवाय डोक्यावर आणि दोन्ही बाजूंनाही वळलेला असतो. प्रेक्षकाला कड दिसत नाही, आणि कड दिसली नाही की डोळा त्याला चित्र मानायला तयार होत नाही. एका गाण्यात चित्रं खाली सरकत जातात आणि आपण बसलेली जागाच वर चालली आहे असं वाटतं. काहींना गरगरल्यासारखं झालं. त्या गाण्याचं नाव ‘ईव्हन बेटर दॅन द रिअल थिंग’, म्हणजे खऱ्यापेक्षाही सरस. ते १९९१ साली जाहिरातींच्या जगाला चिमटा काढत लिहिलेलं होतं. बत्तीस वर्षांनी त्याच नावाखाली खऱ्यापेक्षा सरस वाटणारी जागा उभी राहिली आणि लोकांनी तोंडात बोटं घातली.

रॉबर्ट नोझिक या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७४च्या आपल्या पुस्तकात एक यंत्र कल्पिलं होतं. त्याला स्वतःला जोडून घ्या, हवा तो अनुभव मिळेल: कादंबरी लिहिल्याचा, मित्र मिळाल्याचा, काहीही. आत असताना तुम्हाला ते खरंच वाटेल. जोडून घ्याल का? नोझिकचं म्हणणं, बहुतेक जण नकार देतील. कारण आपल्याला नुसता करण्याचा अनुभव नको असतो, खरोखर काही करायचं असतं. स्फिअर पाहून आलेल्यांना पुष्कळांनी हेच सुनावलं, की तुम्ही यंत्राला जोडून आलात.

मला ही तुलना पटत नाही, आणि त्याचं कारण नोझिकच्या सुमारे हजार वर्षं आधी काश्मीरमध्ये लिहून ठेवलेलं आहे. अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरच्या टीकेत विचारलं, की नाटक पाहताना प्रेक्षकाला जे होतं ते नेमकं कुणाचं असतं? मंचावरचा राजा रडतो. तो राजा तर कधीच मेला. नट खरा रडत नाही. माझं स्वतःचं काही गेलेलं नाही. तरी काहीतरी दाटून येतंच. त्याचं उत्तर असं, की तिथे भावना ‘माझी’ किंवा ‘त्याची’ राहत नाही, ती सर्वांची होते. याला साधारणीकरण म्हणतात. प्रेक्षक फसलेला नसतो. समोर नाटक आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं. नोझिकच्या यंत्रात मात्र फसणं ही अटच आहे, आणि माणूस एकटा आहे. स्फिअरमध्ये अठरा हजारांच्या आसपास माणसं शेजारी बसून, हा पडदा आहे हे जाणून, एकत्र अवाक होतात. म्हणून तिथलं रडू खरं मानायला माझी हरकत नाही.

पण अभिनवगुप्त तिथेच थांबत नाही. रस निर्माण व्हायला कोणती विघ्नं येतात, याची तो यादी देतो. सात आहेत. त्यातलं एक मला फोन आल्यापासून रोज आठवतं: स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटून जाणं. प्रेक्षक जर सारखा ‘मला कसं वाटतंय’ याकडेच पाहत राहिला, तर रस तयारच होत नाही.

या विघ्नाचं प्रात्यक्षिक पाहायला लास वेगासला जावं लागत नाही. सावदा, फैजपूर, रावेर, कुठल्याही लग्नात जा. आता एलईडी वॉल असतेच. वरमाला पडत असते पंचवीस फुटांवर, आणि पंगतीतली माणसं ती पाहतात पडद्यावर. आमच्या ओळखीचा एक जण या वॉल भाड्याने देतो. त्याला म्हटलं, एवढं जवळ असून लोक पडदाच का पाहतात? तो हसला. “भाऊ, लोकायले नवरदेव नाही पाह्याचा राहत, सोताले पाह्याचं राह्यतं.” त्याचा धंद्यातला नियम ठरलेला आहे. मांडव ढिला पडला, की कॅमेरा पाहुण्यांवर फिरवायचा. लगेच केस सावरले जातात, पोरं उड्या मारायला लागतात, मावश्या लाजून पदर ओढतात. लग्न बाजूला राहतं.

मोठ्या कॉन्सर्टमध्येही हेच हत्यार वापरतात. कॅमेरा गर्दीत फिरतो, एखादा चेहरा उचलतो, पडद्यावर तो चार मजली होतो. त्या चेहऱ्याला आनंद होतो आणि बाकीच्यांना आशा लागते. इथपर्यंत ठीक. पण जुलै २०२५मध्ये अमेरिकेत बॉस्टनजवळच्या कोल्डप्लेच्या कार्यक्रमात कॅमेऱ्याने एकमेकांना बिलगून उभी असलेली दोन माणसं टिपली, ती दचकून लपली, गायकाने त्यावर एक वाक्य टाकलं, आणि काही तासांत ती क्लिप साऱ्या जगाने पाहिली. दोघांनाही नोकरी सोडावी लागली. त्यांचं वागणं बरोबर होतं की चूक, हा त्यांच्या घरचा प्रश्न. मला त्या स्टेडियमचं आणि आपलं नवल वाटतं. गाणं ऐकायला जमलेली गर्दी एका क्षणात बोट दाखवणारी गर्दी झाली, आणि आपण सगळे घरबसल्या त्या गर्दीत सामील झालो. भान त्या वेळीही हरपलेलं होतं. फक्त ते कुणी परत आणून दिलं नाही.

म्हणजे पडदा आरसा होऊ शकतो, आणि आरशासमोर माणूस स्वतःतच अडकतो. पडदा आकाश होऊ शकतो, तसा स्फिअरचा होतो, आणि आकाशाखाली माणूस निदान स्वतःला विसरतो. तिसरी एक शक्यता आहे. पडदा खिडकी होऊ शकतो. त्याची गोष्ट जुनी आहे आणि ती सुखाची नाही.

१९९३च्या उन्हाळ्यात यू-टूचा ‘झू टीव्ही’ नावाचा दौरा युरोपात चालू होता. मंचावर टीव्हींचा, व्हिडिओ पडद्यांचा नुसता भडिमार. माध्यमांनी माणसाचं डोकं कसं भणाणून सोडलंय, त्याची ती थट्टा होती. त्याच वेळी बोस्नियात सारायेवो शहराला वेढा पडून वर्ष उलटलं होतं. बिल कार्टर हा तरुण अमेरिकन तिथे अडकलेल्या लोकांबरोबर राहत होता. त्याच्या मदतीने बँडने उपग्रहाद्वारे थेट जोडणी केली. कार्यक्रम अर्ध्यावर थांबायचा आणि पडद्यावर सारायेवोतली साधी माणसं बोलायची. हजारो लोक नाचता नाचता थबकायचे.

प्रतिक्रिया दुभंगलेल्या होत्या. कुणाला वाटलं, बातम्यांत जे दिसत नाही ते इथे दिसलं. कुणाला वाटलं, दुसऱ्याच्या मरणाचा कार्यक्रमात मसाला केला. ऑगस्टमध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर तीन स्त्रिया पडद्यावर आल्या. त्यांतल्या एकीने गोड काही न बोलता सरळ सुनावलं, की तुम्ही आमच्यासाठी काहीही करणार नाही आहात, थोड्या वेळाने तुम्ही आम्हाला विसरून पुन्हा तुमच्या गाण्यांकडे वळाल. आणि तसंच झालं. पुढचं गाणं वाजवणं भागच होतं. त्यानंतर या जोडण्या बंद झाल्या.

मला पडद्यांच्या सगळ्या इतिहासात ही घटना सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या रात्री पडद्याने उलटून पाहिलं. आपल्याकडे ‘दर्शन पाहिलं’ असं कुणी म्हणत नाही. दर्शन घेतात, आणि देव ते देतो. म्हणजे पाहणं दोन्ही बाजूंनी असतं, आणि ज्याने आपल्याला पाहिलं त्याचं आपण काहीतरी देणं लागतो. वेम्बलीतल्या हजारोंना त्या बाईने पाहिलं होतं. त्यांचं भान तिने खाडकन परत केलं, पण पहिल्यापेक्षा जड करून. चार वर्षांनी, युद्ध संपल्यावर, २३ सप्टेंबर १९९७ला यू-टू सारायेवोच्या कोशेवो स्टेडियमवर प्रत्यक्ष जाऊन वाजवून आला. त्या रात्री बोनोचा आवाज बसलेला होता. गाणी लोकांनी म्हटली. खिडकीतून पाहिलेल्या माणसांच्या घरी जाऊन यायचं, हे देणं उशिरा का होईना, काही अंशी फेडलं गेलं.

नेरूळच्या २०१९च्या रात्रीही पडदा थोडा वेळ खिडकी झाला होता. एका गाण्यात जगभरातल्या लढाऊ स्त्रियांचे चेहरे त्यावर येत गेले, आणि मुंबईत त्यांत गौरी लंकेश यांचाही चेहरा होता. बंगळुरूमध्ये त्यांच्या घरासमोर त्यांना गोळ्या घातल्या, त्याला तेव्हा सव्वादोन वर्षं झाली होती. टाळ्या वाजवून घरी गेलेल्यांपैकी किती जणांनी त्या नावापाशी नंतर पाच मिनिटं थांबून पाहिलं असेल? पडद्याच्या हातात फक्त चेहरा दाखवणं असतं. पुढची पाच मिनिटं आपल्या हातात.

भव्य दृश्य उभं करायचं आणि तरी लोकांना त्यांचं भान परत द्यायचं, हे जमतं का? आमच्या शेजारीच ते एकदा जमलं होतं. डिसेंबर १९३६मध्ये काँग्रेसचं अधिवेशन फैजपूरला भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. त्यासाठी उभारलेल्या टिळकनगराची सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी केली. गांधीजींचा आग्रह होता, की सामान इथलंच हवं आणि हातही इथलेच. म्हणून कमानी, प्रवेशद्वारं, मंडप हे सगळं बांबू, चटया, गवत यांतून उभं राहिलं. तेही भारावून टाकणारं दृश्यच होतं, हजारो माणसांना एका ठिकाणी थक्क करण्यासाठी रचलेलं. पण सावद्या-यावलहून बैलगाडीने आलेला शेतकरी वर पाहायचा तेव्हा त्याला जे दिसायचं ते त्याच्या गोठ्यात पडलेलं सामान होतं. ते एवढं सुंदर होऊ शकतं, हे त्याला तिथे कळलं असणार. घरी परतल्यावर गोठ्यातला बांबू पहिल्यासारखा दिसला नसेल.

स्फिअरहून परतलेल्या माणसाची अडचण नेमकी इथे होते. घरी आल्यावर सगळं छोटं दिसायला लागतं. घरचा स्पीकर फालतू वाटतो, गावातला ऑर्केस्ट्रा केविलवाणा, चार पोरांचा गणपतीतला बँड हास्यास्पद. जे दृश्य पाहून आल्यावर बाकीचं जग फिकं पडतं, त्याने आपलं भान घेतलं पण परत दिलं नाही, असं मी म्हणेन. आणि जे पाहून आल्यावर शेजारचा माणूस, घरचा बांबू, दूरच्या शहरातली बाई आधीपेक्षा स्पष्ट दिसायला लागते, त्याने ते परत दिलं, वर थोडं वाढवून. पडदा केवढा होता याने काही ठरत नाही.

माझ्या आत्येबहिणीची मी नंतर जास्त चौकशी केली. पट्ट्याचं काय केलंस? म्हणाली, परत दिला, तिथे सांगतातच परत द्यायला, कुठल्या शहराने किती टक्के परत केले ते पडद्यावर दाखवतात. मग तिने स्वतःहून एका बाईबद्दल सांगितलं. शेजारच्या खुर्चीवर पन्नाशीची एक बाई एकटी आली होती. मुलाने तिकीट काढून दिलं होतं, तो परदेशात. तिला एकही गाणं येत नव्हतं. दोघींनी मिळून शब्द शोधले, शेवटी शेवटी ती बाई मोठ्याने म्हणत होती. कार्यक्रम संपल्यावर गर्दीत बहिणीने तिचा हात धरून तिला नेरूळ स्टेशनपर्यंत सोडलं, लोकलमध्ये बसवून दिलं, मग स्वतः पुण्याची बस धरली.

पडद्यावर काय काय होतं, हे ती एव्हाना विसरायला लागली आहे. ग्रह होते बहुतेक, म्हणते. ती बाई मात्र पूर्ण आठवते, चपलेच्या रंगासकट.

तेव्हा तुमचं कुणी पुढच्या वेळी अशा कार्यक्रमाहून परत आलं, तर व्हिडिओ दाखव म्हणू नका. ते तुम्ही आधीच पाहिलेले असतात. शेजारी कोण बसलं होतं, एवढं विचारून बघा.